अमेरिकेतील एफएफए या युवा संघटनेत प्रतिनिधी राष्ट्रीय पदाधिकारी कसे निवडतात?

कृषिशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, १९२८ साली स्थापन झालेल्या या संघटनेत राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी वार्षिक अधिवेशनात नामनिर्देशन समितीने सुचवलेल्या ६ जणांच्या यादीवर मतदान करतात. ही ९ जणांची समितीही विद्यार्थ्यांचीच असते. ती राज्य शाखांनी पाठवलेल्या उमेदवारांच्या अनेक फेऱ्यांत मुलाखती घेऊन अध्यक्ष, सचिव आणि पूर्व, पश्चिम, मध्य व दक्षिण विभागांचे ४ उपाध्यक्ष यांची नावे ठरवते. त्यामुळे खरी चुरस मुलाखतींतच असते, आणि तेथे वक्तृत्वाबरोबर शेतीविषयाची जाणही पारखली जाते, ही मला या पद्धतीची मोठी जमेची बाजू वाटते. संघटनेने प्रसिद्ध केलेल्या निवडप्रक्रियेच्या आधारे हे लिहिले आहे. मात्र राज्य शाखांचे नियम वेगवेगळे असल्याने ते स्वतंत्रपणे तपासावेत.