लहानपणापासून मानलेल्या देवाबद्दल शंका येणं चूक आहे का? मनात अपराधी का वाटतं?

चूक अजिबात नाही, आणि ही शंका नवीही नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त (१०.१२९) सृष्टी कुठून आली असं विचारतं आणि शेवटी म्हणतं, वर बसून जो हे पाहतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. खुद्द वेदात इतकी मोकळीक आहे, घरात मात्र तेच बोललं की डोळे वटारले जातात! चार्वाकांनी, म्हणजे प्राचीन भारतातल्या जडवादी विचारवंतांनी, तर ईश्वर साफ नाकारला. मीमांसकांचं, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या तत्त्वज्ञांचं, उदाहरण मला जास्त गमतीचं वाटतं: वेद प्रमाण, यज्ञही हवेत, पण जगाचा कर्ता ईश्वर नको.

अपराधी वाटतं, कारण देव आपल्याला सुटा मिळत नाही. आईवडिलांची माया, सणवार आणि ‘असं बोलू नये’ हा धाक यांच्यासकट मिळतो. त्यामुळे शंका देवावर घेतली तरी माणसांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या धर्माच्या घरात जन्मलो असतो तर तिथलंच तितक्याच ठामपणे मानलं असतं, हे खरं. पण एवढ्यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही. संस्कार हा पुरावा नव्हे, इतकंच कळतं. निर्णय होत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, अज्ञेयवाद ही पळवाट नाही. घरच्या पूजेला बसायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे, तो आज सोडवायलाच हवा असंही नाही.