गर्भाशयात ५ सेंटिमीटरची गाठ आहे, पिशवी काढून टाकावी का?

तुमचं वय ४१, दोन मुलं, सोनोग्राफीत ५ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ, आणि डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं. घरचेही म्हणतात, मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग. ताई, गाठीच्या आकाराबद्दल तुम्ही सगळं लिहिलंत, पण स्वतःच्या त्रासाबद्दल "पाळीत खूप जातं" एवढंच. मला त्याबद्दलच जास्त वाचायचं होतं, कारण निर्णय त्यावर घ्यायचा असतो.

आधी भीतीचं बोलू. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती कॅन्सरची निघणं अगदी दुर्मीळ. पन्नाशीपर्यंत खूप बायकांना अशा गाठी होतात आणि कित्येकींना ते कळतही नाही. पाळी गेली की त्या बहुधा आक्रसतात. तेव्हा "पुढे कॅन्सर होईल" एवढ्या धाकाने सही करू नका.

आकारापेक्षा गाठीची जागा महत्त्वाची. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठसुद्धा अंगावरून धो धो घालवते, तर बाहेरच्या बाजूला वाढलेली मोठी गाठ कधीकधी गप्प बसते. पुढे मूत्राशयावर दाबली तर सारखी लघवीला होते, मागे दाबली तर पोट साफ होत नाही. रिपोर्टमध्ये सबम्यूकोसल (पोकळीच्या बाजूला), इंट्राम्यूरल (स्नायूच्या भिंतीत), सबसेरोसल (बाहेरच्या बाजूला) यांपैकी काय लिहिलंय ते बघा.

माझी पोकळीत होती. मी शाळेत शिकवते. पाळीच्या दिवसांत सलग दोन तास घ्यायचे म्हटलं की पोटात गोळा यायचा. फिक्या रंगाच्या साड्या कपाटातच राहिल्या. रात्री अंथरुणावर मेणकापड. एसटीचा लांबचा प्रवास, लग्नकार्य, सगळं तारीख बघून. नवऱ्याजवळ जाताना दुखायचं, आणि हे कोणाला सांगायचं तरी कसं? जिना चढताना धाप लागायची, मुलांवर विनाकारण ओरडायचे. सगळे म्हणायचे, चाळिशी आली, बायकांना असतंच. हिमोग्लोबिन तपासलं तर ७.८! बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, आणि ८ च्या खाली तो तीव्र समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. इतक्या बायका थकलेल्या असल्या की तो थकवा कोणाच्या डोळ्यांवरच येत नाही, याचा मला राग येतो.

फायब्रॉइडचा त्रास मोजायला २००२ साली यूएफएस-क्यूओएल नावाची ३७ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. उपचारांनी फरक पडला का, हे संशोधनात त्यावरून पाहतात. त्यात गाठ किती सेंटिमीटरची हे कुठेच विचारलेलं नाही. विचारतात ते पाळीच्या धास्तीबद्दल, प्रवासाबद्दल, कपडे खराब होण्याच्या काळजीबद्दल, थकव्याबद्दल, शरीरसंबंधांबद्दल. दोन पाळ्या वहीत लिहा: पॅड किती लागले, रक्ताच्या गाठी पडल्या का, रात्री किती वेळा उठलात, कोणतं काम राहिलं. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरात लोहाचा साठा किती आहे ते यावरून कळतं) लगेच तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. फारच कमी असेल किंवा गोळ्या सोसत नसतील तर शिरेतूनही लोह देतात. ऑपरेशन करायचं ठरलं तरी आधी रक्त भरून आलेलं बरं.

उपायांत पिशवी काढणं हा एकच उपाय नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत घेतात (पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा). पोकळीचा आकार बिघडलेला नसेल तर हार्मोनची तांबी बसवता येते. नुसती गाठ काढता येते. माझी दुर्बिणीने खालच्या मार्गानेच काढली, पोटावर टाका नाही. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचारही होतो, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात.

पिशवी काढणं वाईट, असं मी म्हणत नाही. माझ्या जावेने सगळे पर्याय ऐकून तोच निवडला आणि ती आज सुखात आहे. गाठी पुन्हा होण्याचा प्रश्नच उरत नाही, हे खरंच आहे. पण "आता काय उपयोग" हे कारण होऊ शकत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कमी वयात काढल्याचं प्रकरण २०१९ साली आपण सगळ्यांनी वाचलंय. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. आणि पिशवी काढायचीच ठरली तर बीजकोष ठेवणार का, हे आधी विचारा. तेही काढले तर रजोनिवृत्ती एकदम अंगावर येते.

तासाला एक पॅड भरतोय आणि असं दोन-तीन तास चाललंय, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रिपोर्टमध्ये गाठीची जागा काय लिहिलीय आणि हिमोग्लोबिन किती आलं, ते इथे कळवा. डॉक्टरांना काय काय विचारायचं, त्याची यादी आपण मिळून करू.