मुलाला आजाराचे नाव सांगावे का?

"मॅडम, त्याला काही सांगू नका, नाव ऐकूनच पोरगं खचेल," ही विनंती कर्करोग झालेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे वारंवार करतात. परभणी जिल्ह्यातून मुंबईला उपचारासाठी आलेल्या आणि दादरच्या धर्मशाळेत उतरलेल्या एका कुटुंबानेही ती केली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला ए.एल.एल. हा लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग झाला होता. घरच्यांनी त्याला "अंगात रक्त कमी आहे" एवढेच सांगितले होते. परंतु रुग्णालयाच्या पाटीवरील शब्द त्याने केव्हाच वाचला होता, आणि वॉर्डातली मुले तर एकमेकांना "तुझा काउंट (रक्तातील पेशींची संख्या) किती?" असे सहज विचारतात. एकदा चित्र रंगवता रंगवता तो मान वर न करता म्हणाला, "आजी विहिरीत पोहू नको म्हणायची, मी ऐकलं नाही. म्हणून झालं ना हे?" पाठीतून पाणी काढताना तो हूं की चूं करत नसे आणि सगळे त्याला शहाणा म्हणत, तो मात्र ती सुई शिक्षा समजून सोसत होता.

या वयाची मुले न सांगितलेल्या गोष्टीचा दोष बहुधा स्वतःकडे घेतात, म्हणून आजार लपवल्याने भीती टळते हे मला मुळीच पटत नाही. मुलाच्या परवानगीने मी हे त्याच्या वडिलांच्या कानावर घातले आणि त्यांनीच त्याला सांगावे असे ठरले. रक्त तयार होते त्या जागी बिघडलेल्या पेशी वाढल्या आहेत, याला कर्करोग म्हणतात, तो तुझ्या पोहण्याने झालेला नाही आणि तुझ्यापासून ताईलाही होणार नाही, असे त्यांनी अडखळत सांगितले. मुलगा रडला; मग शाळा कधी सुरू होईल असे त्याने विचारले.

"तू नक्की बरा होशील" असे वचन मी पालकांना देऊ देत नाही. मात्र श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि ए.एल.एल.चे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे न सोडता पूर्ण करावे लागतात, हे पालकांना ठाऊक असलेच पाहिजे. मुलाला माहिती असण्याचा व्यवहारातही उपयोग होतो: केमोनंतर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला तर तत्काळ रुग्णालय गाठावे लागते, आणि हे समजलेला मुलगा अंग तापल्याचे दडवत नाही.

पुढे डॉक्टरांनी शाळेची परवानगी दिल्यावर वडिलांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिले. त्यात आजाराचे नाव होते, तो संसर्गजन्य नसल्याचा स्पष्ट उल्लेख होता आणि वर्गात कोणाला कांजिण्या आल्यास, उपचारांमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या मुलाला त्या घातक ठरू शकतात म्हणून, त्याच दिवशी फोन करावा, अशी विनंती होती.