वळताना ट्रिम टॅब कसे ठेवावेत?

प्रश्न : आमच्या सहा मीटरच्या फायबर बोटीला ट्रिम टॅब (मागच्या काठाला दोन्ही बाजूंना बसवलेल्या, बटणाने वर-खाली होणाऱ्या पट्ट्या) आहेत. वेगात वळताना नाळ (बोटीचे पुढचे टोक) पाण्यात घुसून बोट झटका देते. काय करावे?

उत्तर : वळण्यापूर्वी वेग कमी करून दोन्ही टॅब पूर्ण वर घ्यावेत. टॅब खाली असताना बोटीची मागची बाजू उचलली जाऊन नाळ दबते. अशा वेळी स्टिअरिंग जोरात फिरवल्यास नाळ रुतते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. पाठीमागून लाट येत असेल, तर हा धोका अधिकच. वळताना बोट आतल्या अंगाला कलते, ते योग्यच आहे; तो कल टॅबने मोडू नये. टॅबचा खरा उपयोग सरळ मार्गावर होतो : आडव्या वाऱ्यात बोट ज्या बाजूला झुकेल, त्याच बाजूचा टॅब किंचित खाली करावा. बटण क्षणभरच दाबून परिणाम दिसेपर्यंत थांबावे, कारण उतावळेपणाने ते दाबून धरणाऱ्यांची बोट हमखास दुसऱ्या बाजूला झुकते.