‘अ सेपरेट पीस’मधले शब्द पाठ करूनही थीम कळत नाही, अभ्यास कसा करू?

तू लिहिलंस की बीए फर्स्ट इयरला आहेस, जॉन नोल्सची ‘अ सेपरेट पीस’ नेमलेली आहे, कठीण शब्दांची भलीमोठी यादी पाठ करून राहिली आहेस आणि तरी थीमवर चार ओळी सुचत नाहीत. तुला ‘तू’च म्हणते, कारण माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मीही नागपुरातच शिकले, इंग्रजीतच एमए केलं, आणि बर्डीवर जुन्या पुस्तकांत ही कादंबरी हाती लागली तेव्हापासून चार-पाच वेळा वाचून झाली, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी ती यादी एबीसीडीच्या क्रमानं घोकणं बंद कर. शब्दांचा अभ्यास वेगळा आणि थीमचा वेगळा असं नसतंच, या कादंबरीत तर अजिबात नाही, इथे अख्खी गोष्ट एका क्रियापदाला लटकलेली आहे.

गोष्ट तुला माहीत आहेच, तरी थोडक्यात. 1942 चा उन्हाळा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरची डेव्हन नावाची बोर्डिंग स्कूल (नोल्स स्वतः फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत शिकले, डेव्हन त्यावरूनच घेतलीय), जीन आणि फिनी रूममेट, नदीकाठचं एक उंच झाड आणि त्यावरून पाण्यात उडी मारायचं धाडस. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी दोघं फांदीवर उभे असतात, जीनचे गुडघे वाकतात, फांदी हादरते, फिनी खाली पडतो आणि त्याचा पाय कायमचा अधू होतो.

तिथे नोल्सनी शब्द वापरलाय जाउन्स. तुझ्या वहीत अर्थ असेल ‘हादरा देणे’, परीक्षेला तेवढा पुरेल पण कादंबरीला नाही. ते वाक्य उघडून बघ. पहिल्या अर्ध्यात कर्ता गुडघे आहेत, ते जणू आपोआप वाकले, आणि दुसऱ्या अर्ध्यात कर्ता एकदम ‘मी’ होतो, मी फांदीला गचका दिला. मराठीत सांगायचं तर फांदी हलली की फांदी हलवली? एका ‘व’चा फरक आहे बघ, आणि पुढची नऊ प्रकरणं जीन त्या ‘व’भोवतीच फिरत राहतो. ब्रिंकर नावाचा वर्गमित्र रात्री असेंब्ली रूममध्ये पोरं जमवून खटला भरवतो तेव्हाही प्रश्न हाच असतो, तेव्हा फांदीवर नेमकं काय झालं.

हे मला इतकं का लागलं तेही सांगते. मी मूळची पवनीची, अकरावी-बारावी नागपूरला धंतोलीतल्या एका होस्टेलात काढली. आमच्या खोलीत गजराचं घड्याळ एकच होतं, माझं, हिरव्या डायलचं, चावी द्यायचं. केमिस्ट्रीच्या पेपराच्या आदल्या रात्री रूममेट म्हणाली, मला चारला उठव गं, दोन चॅप्टर राहिले आहेत. चारला गजर झाला, मी उशीखाली हात घालून तो बंद केला आणि आवाज न करता दिवा छोटा करून माझा माझा अभ्यास करत बसले. ती सहाला दचकून जागी झाली तेव्हा मी म्हटलं, तू उठलीच नाहीस. खरं म्हणजे मी उठवलं नव्हतं. तोही ‘व’च. ती पास झाली, पुढे माझ्याशी नेहमीसारखीच वागली, तिला कधी संशयही आला नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं. फिनीचंही असंच आहे, जीन त्याच्याजवळ कबुली द्यायला जातो तर तो ऐकूनच घेत नाही.

आता दुसरा शब्द. तुझ्या यादीत जेलसी, एन्व्ही, रायव्हलरी असे शब्द असतीलच आणि सगळ्यांपुढे ‘मत्सर’ लिहिलेलं असेल. असं करू नको. हेवा आपण मैत्रिणीला तोंडावर सांगू शकतो, बापा, किती छान मार्क पडले तुला, हेवा वाटतो. मत्सर कोणी तोंडावर सांगत नाही. आणि असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणातच दोष दिसायला लागणं. जीनचा प्रवास अगदी याच पायऱ्यांनी होतो, आधी फिनी गुलाबी शर्ट घालूनसुद्धा मास्तरांच्या तावडीतून सुटतो त्याचा कौतुकमिश्रित हेवा, मग मनातल्या बरोबरीतून मत्सर, आणि मग असूया, फिनी प्रेमानं समुद्रावर घेऊन गेला तरी याला वाटतं की माझा अभ्यास बुडवायला घेऊन गेला. हे तीन शब्द आणि प्रत्येकासमोर एक प्रसंग इतकं लिहिलंस तरी थीमचं अर्धं उत्तर तयार आहे, आणि ते गाइडमधलं नसेल.

शीर्षकाकडेही नीट बघ. पीस म्हणजे शांतता असं धरून चाललीस तर गडबड होते, इथे तह असा अर्थ धर. युद्धात साथीदाराला सोडून एकट्यानंच शत्रूशी केलेला तह म्हणजे सेपरेट पीस. आपल्या नागपूरकरांना हे चटकन कळायला पाहिजे, 1803 च्या युद्धात भोसले आणि शिंदे एका बाजूनं इंग्रजांशी लढले, पण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 17 डिसेंबरला देवगावचा तह आपला वेगळा केला आणि शिंद्यांनी 30 डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा. कादंबरीत पोरं बर्फात विंटर कार्निव्हल भरवतात तो दिवस म्हणजे त्यांचा असाच वेगळा तह, बाहेर महायुद्ध चालू आणि इथे एका दुपारपुरती सुट्टी. त्याच दुपारी सैन्यात भरती झालेल्या लेपर नावाच्या वर्गमित्राची तार येते की मी सैन्यातून पळून आलोय, आणि तह तिथेच मोडतो.

नद्या मात्र विसरू नको, पोरं हमखास सोडून देतात. वर डेव्हन नदी, गोड्या स्वच्छ पाण्याची, फिनीच्या उन्हाळ्याची, आणि बांधाखाली नागुआमसेट, खारी, चिखलाची, भरती-ओहोटीवर चालणारी. फिनी पडल्यानंतर जीन भांडणात या दुसऱ्या नदीत पडतो. नाव लक्षात राहायला तुला काही अडचण नाही, आपली नाग नदी त्यात आहेच! अंबाझरीकडची नाग आणि शहराची घाण घेऊन तीच पारडीला पोचलेली नाग डोळ्यासमोर आण, काय म्हणायचंय ते कळेल.

लेपर, सेक्शन एट वगैरे भाग सरळ आहे, सेक्शन एट म्हणजे मानसिक कारणावरून सैन्यातून काढलं जाणं एवढं माहीत असलं की वाचताना अडत नाही.

वही अशी ठेव. शब्द, तो कोण कोणाबद्दल वापरतो, कोणत्या प्रसंगात, आणि तोच प्रसंग तू घरी आईला सांगितला असतास तर कोणता शब्द तोंडात आला असता. रोज पाचच शब्द घे. सुरुवात चौथ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानापासून कर, ते वाक्य मराठीत उतरव, ‘हलली’ लिहायचं की ‘हलवली’ ते ठरव आणि तसं का ठरवलंस ते खाली चार ओळींत लिही. तोपर्यंत गाइड उघडू नको.