वायफायच्या दोन काड्या आणि सारखं तुटणारं नेट

प्रश्न : नमस्कार सर, मी कराडजवळच्या एका गावात राहते, घरून डीटीपीची कामं करते. वर्षभरापूर्वी जुना लॅपटॉप घेतला, विंडोज फारच हळू चालायचं म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट टाकून दिलं. लॅपटॉप आता मस्त पळतो पण नेटनं जीव नकोसा केलाय. राउटर त्याच खोलीत असूनही वायफायच्या दोनच काड्या दिसतात, मोबाइलवर फुल्ल असतात. दहा-पंधरा मिनिटांनी पेज उघडायचंच थांबतं, वायफाय बंद-चालू केलं की परत सुरू. परवा लग्नपत्रिकेची फाइल तीनदा पाठवताना तुटली, शेवटी गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन दारात आलं. नेटवाले म्हणतात लाइन ओके आहे, लिनक्स काढा. काढू का?

उत्तर : ताई, काढू नका. आधी नेट कुठल्या टप्प्यावर तुटतं ते बघू, आणि तोवर काम अडलं असेल तर मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) चालू करा, लिनक्सला त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही, आजची फाइल तरी वेळेत जाईल.

आता तपासणी. कंट्रोल, अल्ट आणि टी एकदम दाबलं की टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी उघडेल, त्यात आयपी रूट (ip route) ही कमांड द्या (कमांड आणि त्यातले आकडे सगळं इंग्रजीतच टाइप करायचं, अक्षरं लहान लिपीतली, शब्दांमध्ये एक स्पेस). पहिल्याच ओळीत डीफॉल्ट व्हायाच्या पुढे राउटरचा पत्ता दिसेल, बहुतेक १९२.१६८.१.१ असा काहीतरी. मग पिंग (ping, म्हणजे समोरचा उत्तर देतोय का ते सारखं विचारत राहणं) लिहून पुढे तो पत्ता टाका आणि ती खिडकी तशीच चालू ठेवून काम करत बसा. दुसऱ्या खिडकीत पिंग ८.८.८.८ लावा, हा गूगलचा सर्व्हर आहे. नेट गेलं की दोन्हीकडे बघा. राउटरचं उत्तर येतंय आणि ८.८.८.८ गप्प आहे, तर दोष बाहेरच्या लाइनीत, नेटवाल्यांना तो स्क्रीनच दाखवा. दोन्ही उत्तरं देतायत तरी साइट उघडत नाही, तर डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) घोळ, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ टाकून बघा. पण राउटरच गप्प झाला, किंवा एरवी दोन-पाच मिलिसेकंदात येणारं उत्तर मध्येच दोनशे-तीनशेवर जायला लागलं, तर लाइन नाही, लॅपटॉप आणि राउटरमधलं वायफायच कच्चं आहे. तुमच्या दोन काड्या बघून मला तीच शंका जास्त आहे.

तसं निघालं तर आधी वायफायची वीजबचत बंद करा. ईटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, तिथे डीफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन नावाची फाइल असते. रूट (root, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून उघडा, वायफाय डॉट पॉवरसेव्हच्या पुढे ३ असेल त्याचं २ करा, सेव्ह करून रीस्टार्ट. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी जास्त खाईल पण कार्ड मध्येच डुलक्या घेणार नाही.

तरी काड्या दोनच राहिल्या तर मेनूमधल्या सिस्टिम रिपोर्ट्समध्ये जाऊन वायफायची चिप कोणती ते वाचा. आरटीएल८७२३बीई असेल तर कारण बहुतेक सापडलंच! मी स्वतः असा एक लॅपटॉप मागून उघडून बघितलाय, कार्डावर अँटेनाच्या तारेसाठी बारीक गोल अशा दोन खुंट्या होत्या आणि तार मात्र एकाच खुंटीला, दुसरी मोकळीच. त्यात ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मोकळ्या खुंटीवर कान लावून बसला की राउटर हातभर अंतरावर असला तरी सिग्नल येणार कुठून? उपाय साधा आहे, लॅपटॉप खोलायचीही गरज नाही. टर्मिनलमध्ये सुडो मॉडप्रोब वजा-आर (sudo modprobe -r) आणि ड्रायव्हरचं नाव (चिपचंच नाव, लहान अक्षरांत) देऊन ड्रायव्हर उतरवा, मग सुडो मॉडप्रोब, ड्रायव्हरचं नाव आणि शेवटी एएनटी अंडरस्कोर एसईएल बरोबर २ (ant_sel=2) असं देऊन परत चढवा. काड्या वाढल्या नाहीत तर तसाच परत उतरवून २ ऐवजी १. हे रीस्टार्टनंतर पुसलं जातं, म्हणजे चुकलं तरी काही बिघडत नाही. जमलं की भाच्याला सांगा, मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात एक फाइल करून त्यात ऑप्शन्स, ड्रायव्हरचं नाव आणि तोच आकडा अशी एक ओळ लिहून ठेवायची, मग दरवेळी आपोआप लागू होईल.

चिप दुसरीच निघाली तर तिचं पूर्ण नाव आणि नेट गेलं त्या वेळच्या दोन्ही पिंग खिडक्यांचा फोटो मला पाठवा, त्यावरून पुढचं सांगतो.