“सून आहे की घरात!” – वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, घरातलं अमुक काम बाईनंच करायचं हे ठरवलं कुणी. सगळे घेणं शक्य नाही, चार घेतलेत. नावं अर्थातच देत नाहीये.

प्रश्न : सासऱ्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. मी शाळेत शिक्षिका आहे. दीर पुण्याला, ते दर महिन्याला पैसे पाठवतात, नणंद इचलकरंजीला. डायपर, आंघोळ, भरवणं सगळं माझ्याकडं. नवरा म्हणतो मला किळस येते, जमत नाही. आता सगळे म्हणतायत नोकरी सोड. सोडू का? – तासगाव

नका सोडू. किळस येते म्हणे! तुम्हाला काय तिथं अत्तराचा वास येतो का? आणि एक गोष्ट घरात कुणी विचारलीच नसणार, ती म्हणजे सासऱ्यांना काय वाटतं. आयुष्यभर ज्या सुनेसमोर बनियनवर बसले नाहीत तिच्याकडून डायपर बदलून घेताना त्या माणसाचं काय होत असेल, बोलता येत नसलं तरी कळतंय ना त्यांना सगळं. हे काम मुलानं करणं सगळ्यात बरं, आणि शिकलं की येतं. हॉस्पिटलच्या सिस्टरला किंवा फिजिओथेरपीवाल्याला घरी बोलवा आणि उचलायचं कसं, पुसायचं कसं हे नवऱ्याला शिकवायला सांगा, तुम्हाला नाही.

मग एक दिवसाचं काम कागदावर लिहून काढा, वेळेसकट. तोंड धुणं, युरिन बॅग रिकामी करणं, मऊ भात भरवणं (ठसका लागू नये म्हणून यालाच अर्धा-पाऊण तास जातो), आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. रात्री दोनला उठून बदललेली कूस कुणाच्या हिशेबातच नसते, ती आधी लिहा. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला आणि पुरुषांचा 97, म्हणजे हे तुमच्या एकटीच्या घरातलं नाही, पण तुमच्या घरातलं तुम्ही बदलू शकता.

कागद तयार झाला की दीर-नणंदेला बोलवा, फोनवर नको, समोरासमोर. दिरांचे पैसे घरखर्चात न घालता दिवसाच्या माणसाला द्यायचे, शक्यतो पुरुष केअरटेकर बघा. आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार दिरांनी स्वतः येऊन करायचं, नुसतं बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला यायचं नाही. नणंदेचंही तेच. “ती दिल्या घरची” असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी असलेल्यांमध्ये मुलगा आहे, मुलगी आहे, सज्ञान नातवंडं आहेत, सून त्या यादीत नाही. कुणाला प्रांत ऑफिसात खेचा असं मी म्हणत नाहीये, पण बैठकीत हे एकदा सगळ्यांच्या कानावर गेलेलं बरं. तुम्ही करताय ते मायेनं करताय, तुमच्यावर सक्ती नाही, हे त्यांनाही कळू दे.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं झालं. सव्वा महिना माहेरी होते, आता सासरी. सारखं रडू येतं, बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. कधी कधी बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही. सासूबाई म्हणतात, “आमी काय पोरं काढली न्हाईत व्हय?” मी वाईट आई आहे का? – मिरज

नाही हो. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळंतकाढा, शरीराचं सगळं बघतो आपण, आणि मनाचं विचारायची वेळ आली की “आता आई झालीस, हसत राहा”. डिलिव्हरीनंतर पहिले काही दिवस रडू येणं खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. तुमचं त्यापुढं गेलंय, झोपही उडालीय, म्हणजे हे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, हा आजार आहे आणि औषधानं, बोलण्यानं बरा होतो. तुमच्या डिलिव्हरीच्या डॉक्टरांना जे मला लिहिलंत तेच जसंच्या तसं सांगा. त्यांच्याकडं दहा प्रश्नांचा एक फॉर्म असतो, पाच मिनिटांत अंदाज येतो. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून काही आणू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला घरच्यांना सांगून दवाखान्यात जायचं.

आणि सासूबाईंना उलट बोलू नका, त्यांनाच विचारा की तुमच्या वेळी कसं होतं. बऱ्याच जणींना तेव्हा रडू आलेलं असतं, विचारणारं कुणी नव्हतं एवढंच. रात्रीची एक पाळी मिस्टरांकडं द्या.

प्रश्न : बायको बँकेत आहे, मी वर्क फ्रॉम होम. पोराला मी सांभाळतो, भाकरी सोडून सगळं येतं. कट्ट्यावरचे मित्र “बायकोचा बैल” म्हणतात, आईलाही लाज वाटते. – कराड

भाकरीही शिका. पोराला ताप आल्यावर डोक्यावर पट्ट्या ठेवायला कट्ट्यावरचं कोण आलं होतं? आईंना मात्र वेळ द्या, त्यांना शेजारणींना तोंड द्यावं लागतं, तुम्हाला लागत नाही.

प्रश्न : दुसरीही मुलगीच झाली. घरचे म्हणतात तिसरा चान्स घ्या, मिस्टर गप्प. मला ऑपरेशन करायचंय पण ते न सांगता करू का? – सातारा जिल्हा, माण

तुमच्या जिल्ह्यातलीच गोष्ट. 2011 मध्ये साताऱ्यात 285 मुलींची नावं समारंभ करून बदलली, कारण घरच्यांनी त्यांचं नाव नकोशी, नकुशा असं ठेवलं होतं. मुलगा व्हावा म्हणून वाट बघताना झालेल्या मुली या. आणि मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, बोल मात्र आईला. तपासून घेऊ असं कुणी सुचवलं तर तो 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे हे स्पष्ट सांगा.

ऑपरेशनला कायद्यानं नवऱ्याची परवानगी लागत नाही, पण लपवून करण्याआधी एकदा मिस्टरांचं गप्प राहणं मोडा. दोघंच बसा, आई नको मध्ये, आणि विचारा की तुम्हाला स्वतःला तिसरं हवंय का आईला हवंय. त्यांनाही नको असेल (बऱ्याचदा नसतंच) तर ऑपरेशन त्यांनीच करावं. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, बिनटाक्याची असते, जागा बधिर करून करतात, त्याच दिवशी घरी. “ताकद जाते, शेतातलं जड काम होत नाही” हे सगळं खोटं, आठवडाभर जपलं की झालं. फक्त एक लक्षात ठेवा, तीन महिन्यांनी वीर्य तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत निरोध वापरायचा.